दुसऱ्या अंकातली खोली

कर्जत-खालापूर भागातला एकही देव असा नाही, ज्याला मी धोतर नेसवलेलं नाही. राम, कृष्ण, नारद, सगळे माझ्या हाताखालून गेले. विष्णूला तर दोन धोतरं जोडून नेसवावी लागत, कारण तो धंद्याने हलवाई होता. हे बढाई म्हणून सांगत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हटलं, आणि आजच्या वाचकाला आमचा धंदा काय होता हेच ठाऊक नसणार, म्हणून सुरुवात देवापासून केली.

मी ड्रेपरीवाला. म्हणजे गावोगावच्या हौशी नाटकमंडळींना कपडे, मुकुट, दाढ्यामिशा, तलवारी आणि पडदे भाड्याने देणारा माणूस. कर्जतच्या बाजारात माझं दुकान होतं. भाताची झोडणी उरकली की गावं मोकळी होत आणि नाटकांचा हंगाम सुरू होई. मग पेट्या बैलगाडीत घालून मी निघायचो. तोंडं रंगवणं, मिशा चिकटवणं, पडदे टांगणं आणि ऐन वेळी पाय लटपटणाऱ्या राजाला मागून ढकलून सिंहासनाकडे पाठवणं, हे सगळं भाड्यातच धरलेलं असे.

एकदा एका सेनापतीची मिशी दूध पिताना पेल्यातच राहिली. गडी गांगरला नाही. मिशी दोन बोटांत उचलून म्हणाला, "महाराज, दुधात केस!" महाराजांनी तिथल्या तिथे आचाऱ्याला देहदंड फर्मावला. आचारी नाटकात नव्हताच, पण टाळ्या अशा पडल्या की पुढच्या गावी त्यांनी तो प्रसंग मुद्दाम घातला आणि माझ्याकडून एक मिशी जास्त मागितली.

राजांच्या नाटकांचं हेच सुख होतं. राजवाड्यात कुणीच जाऊन आलेलं नसतं, त्यामुळे राजवाडा कसाही दाखवा, चालतो. सामाजिक नाटकं आली आणि माझे हाल सुरू झाले. तिथली घरं लोकांच्या पायाखालची.

आमच्या धंद्यातली आणखी एक रीत सांगायला हवी. खुर्च्या, खाटा, तसबिरी, पितळी भांडी असलं सामान मी बाळगत नसे. ते गावातून मागून आणायचं. ज्याने वस्तू दिली त्याला खेळ संपल्यावर रंगमंचावर बोलवायचं, त्याचं नाव आणि त्याने काय दिलं ते मोठ्याने सांगायचं आणि हातात नारळ द्यायचा. खाट देणारा पाटील असो की घमेलं देणारा भोई, नारळ सारखाच. हे चुकलं तर पुढच्या वर्षी त्या गावात कुणी पाटसुद्धा देत नसे. आभाराचं काम नेहमी माझ्याकडे, कारण सामान मीच गोळा केलेलं असे.

हे सगळं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कापड रेशनवर, रॉकेल रेशनवर, आणि भाताला मात्र सोन्याचा भाव. कर्जतला 'सुविचार नाट्यसमाज' म्हणून एक मंडळी होती. तिचे अध्यक्ष भातगिरणीचे मालक, त्यांना सगळे शेटजी म्हणत. नाटककार तात्यासाहेब वकील. एक खजिनदार होते, ते शेटजी हो म्हणाले की हो म्हणत. आणि बाईच्या भूमिकेला एक ड्रॉइंगमास्तर. हा गृहस्थ घाटावरून नवा बदलून आलेला, ब्रह्मचारी, निर्व्यसनी, आणि शालूत माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच बायकांपेक्षा बरा दिसणारा.

तात्यासाहेबांनी त्या वर्षी 'पंकातून पावित्र्याकडे' नावाचं नाटक लिहिलं. एक पतिता, तिला सुधारणारा एक पदवीधर, आणि तिसऱ्या अंकात तिचा मृत्यू. पतिता हा शब्द मी नाटकाबाहेर कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे लोक 'फाट्यावरच्या बाया' म्हणत आणि विषय बदलत. हा फाटा म्हणजे घाटाच्या पायथ्याचा शिळफाटा. लढाईमुळे तिथे लॉऱ्यांची रीघ लागलेली असे, आणि रस्त्याच्या कडेला चार घरं होती त्या बायांची. कर्जतपासून ती जागा अशी सोयीच्या अंतरावर, की माणूस घाटावर माल पोचवायला गेलो होतो असं सांगू शकेल आणि बायको ते मानू शकेल.

नाटकाचा हेतू उदात्त होता. उत्पन्न 'पतितोद्धार निधी'ला जायचं होतं. खेळ संपताच प्रमुख पाहुण्या सरकारी साहेबांपुढे एक अर्ज वाचायचा होता की त्या चार घरांचा उपद्रव हटवावा, जागा मोकळी करावी आणि त्या भगिनींना आश्रमात हलवावं. आश्रम अजून बांधायचा होता. मोकळ्या होणाऱ्या जागेवर शेटजींना भाताची वखार बांधायची होती, ती मात्र नकाशासकट तयार होती. उद्धार इतका शिस्तीत चाललेला मी पुन्हा पाहिला नाही.

तालमीच्या बैठकीत तात्यासाहेबांनी दुसऱ्या अंकाचं स्थळ वाचलं. "पतितेचा रंगमहाल. झुंबरं, मखमली तक्के, सुरेची सुरई."

मी म्हटलं, "झुंबर आहे माझ्याकडे, पण ते इंद्राच्या दरबाराचं आहे."

"चालेल," तात्यासाहेब म्हणाले.

"चालेल कसं?" शेटजी उसळले. "झुंबर कुठलं आलंय तिथं? साधा कंदील असतो, खुंटीला."

"खुंटी दाराच्या डाव्या हाताला," खजिनदारांनी माझ्याकडे बघून पुस्ती जोडली.

"उजव्या," तात्यासाहेब म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

"खाट मग खिडकीखाली घेऊ?" मी विचारलं.

"खिडकी नाहीये तिथं. कोनाडा आहे," शेटजी म्हणाले.

"कोनाड्यात दत्ताची तसबीर," खजिनदार म्हणाले.

"विठोबाची!" तात्यासाहेब आणि शेटजी एकदम म्हणाले.

"वेश्येच्या घरात विठोबा कसा असेल?" ड्रॉइंगमास्तरांनी निरागसपणे विचारलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जशी न पोहणाऱ्या माणसाने नदीबद्दल मत दिल्यावर टाकतात.

शेवटी शेटजी म्हणाले, "आणि समोर आरसा पायजे. मोठा. नक्षीच्या चौकटीचा." यावर मात्र दुसऱ्या कुणी काही बोललं नाही.

थोडा वेळ सगळे सुपारी कातरत बसले. मग तात्यासाहेबांनी खाकरून सांगितलं की हे सगळं अर्थात कल्पनेने. सभेने तसं एकमताने मान्य केलं. इतक्या जणांची कल्पना खुंटीपर्यंत जुळते, ही कलेची थोरवी म्हणायची.

आता हे सामान आणायचं कुठून? माझ्याकडचे शालू राण्यांचे, खोट्या जरीचे, आणि खरा शालू तर कुणी देईना. कापडच मिळत नाही म्हटल्यावर घरंदाज बायका आपला शालू ड्रॉइंगमास्तरांच्या अंगावर कशाला घालतील? मी विचार केला, मंडळींना जी खोली हवी आहे ती मुळात जिथे आहे तिथूनच आणावी. गाडी जुंपली आणि शिळफाट्याला गेलो. कुठून आणणार, असं मला कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

केशरबाईंचं घर चारांतलं कडेचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, हाडापेराने मजबूत, आवाज बाजारात भाव करून कमावलेला. मागच्या पडवीत त्यांची म्हातारी आई तांदूळ निवडत होती. मी दारातून आत पाहिलं आणि ओळखलं. कंदील उजव्या हाताच्या खुंटीला होता. तात्यासाहेबांचंच बरोबर होतं.

"ये रं दादा, बस," केशरबाई म्हणाल्या. माझं येणं कशासाठी ते ऐकल्यावर हसल्या. "शालू देईन की. पन नाटकात हाय काय त्ये तर सांग."

"एक बाई असते. तिला एक शिकलेला तरुण भेटतो. तो तिला उपदेश करतो."

"पैसं देऊन?"

"नाही, फुकट."

"मंग धंद्याच्या टायमाला आला नसंल. बरं, फुडं?"

"पुढे तिला पश्चात्ताप होतो. ती खोकायला लागते. तिसऱ्या अंकात त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि मरते."

"मरते? कशानं?"

"पश्चात्तापानं."

केशरबाईंनी आईकडे बघितलं. "आये, ऐकलंस का? आमच्याकडं समदी हिवतापानं मरत्यात रं दादा. कोयनेल मिळत नाय म्हनून. पश्चात्तापानं गेलेली मी काय अजून बघितली नाय."

मग त्यांचा चेहरा बदलला. हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नाटक झाल्यावर अर्ज देनार हायेत म्हनं आमच्यावर. खरं का त्ये?"

मी खरं असल्याचं सांगितलं. आश्रमाबद्दलही सांगितलं.

"कुठं हाय आश्रम?"

"बांधायचा आहे."

"म्हंजे घर आदी पडनार, आनि आश्रम मागनं." त्या उठल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "ही भिंत माझ्या आयनं डोक्यावरनं माती व्हाऊन घातली. जागेचा धारा आमी भरतो. माझ्या बहिनीच्या दोन पोरी हितं वाढल्या, त्यांची लग्नं ह्याच वट्यावर लागली. मी काय धंदा करते त्यो माझा. पन घर गेलं तर म्हातारीला घेऊन जाऊ कुठं? लॉरीखाली?"

मला राग आला होता, पण ड्रेपरीवाल्याच्या रागाला कोण विचारतो? मी भाड्याचं काय ते विचारलं.

"भाडं नको. शालू ने, खाट ने, कंदील ने, तसबीर ने, आरसाबी ने. पन रीत हाय ना तुमची? वस्तू देनाऱ्याला नारळ आनि नाव. मलाबी त्येच दे. समद्यांना देता तसंच."

रीत म्हणजे रीत. ती मोडली असती तर मी पुढे कुणाच्या दारात खाट मागायला उभा राहिलो असतो? मी हो म्हटलं.

खेळ दुपारी होता. रॉकेलच नाही तर पेट्रोमॅक्स कुठून पेटणार, म्हणून त्या वर्षी सगळी नाटकं उन्हात व्हायची. उन्हात नाटक ही फार उघडी गोष्ट असते. नटाला प्रेक्षक दिसतात, प्रेक्षकाला मिशीचा डिंक दिसतो आणि कुणाला कुठे लपता येत नाही. मांडवात पुढे पाहुणे, मागे बाजारातली गर्दी, आणि एका अंगाला बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड बायका. वस्तू देणारी माणसं मांडवाच्या कडेला बसलेली. त्यांत घमेल्यावाल्याशेजारी साधं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन केशरबाई.

पहिला अंक सुखरूप पार पडला. दुसऱ्याचा पडदा वर गेला आणि मांडव गप्प झाला. पुढच्या रांगांतली ही शांतता कौतुकाची आहे असं मला आधी वाटलं. खुंटी, कंदील, खाट, कोनाडा, विठोबा. प्रतिष्ठित मंडळी टोप्या सारख्या करू लागली. तेवढ्यात मागून एका गाडीवानाने आनंदाने आरोळी ठोकली, "आरं, ही तं केशरची खाट!" त्याला बिचाऱ्याला घरी जाब विचारणारं कुणी नव्हतं.

हशा पिकला. तो ओसरतो न ओसरतो तोच चिकाच्या पडद्याआडून शेटाणीबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "गं बाई! ह्यो आमचा आरसा! पुन्याला दुरुस्तीला गेलेला!"

रंगमंचावर ड्रॉइंगमास्तर इमानाने खोकत होते. नायकाला पाठांतराखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे तो थांबला नाही. हात पसरून त्याने आपलं वाक्य म्हटलं, "हे पतिते, या आरशात पाहा आणि मला सांग, यात पापी कोण दिसतो!"

आरसा मी उन्हाच्या तिरिपीत टांगला होता, आणि तो थोडा कलता असल्याने त्यात पहिली रांगच दिसत होती. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी मान खाली घातली. सरकारी साहेब मात्र आरशाकडे आणि शेटजींकडे आळीपाळीने बघत होते.

तरीही तिसऱ्या अंकात बाई मेली तेव्हा लोक रडले. आमच्या प्रेक्षकांचं हे मला कधीच उमगलं नाही. शिळफाट्याला हिवतापाने गेलेल्यांना कधी खांदा दिला नसेल, पण भाड्याचा शालू नेसलेल्या मास्तरांसाठी ढसाढसा रडले.

पडदा पडल्यावर मी पुढे झालो आणि आभार सुरू केले. घमेल्यासाठी अमुक, खुर्च्यांसाठी तमुक. तात्यासाहेब विंगेतून हाताने खुणावत होते, आवर, आवर. मी आवाज चढवला. "दुसऱ्या अंकातील शालू, खाट, कंदील, तसबीर आणि आरसा दिल्याबद्दल शिळफाट्याच्या केशरबाई यांचे समाज आभारी आहे."

केशरबाई वर आल्या. नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. नारळ घेऊन लोक खाली उतरतात, त्या उतरल्या नाहीत.

"आरसा ज्याचा हाय त्यानं न्यावा," त्या म्हणाल्या. "बाकीचं माझं हाय. खाट माझी, विठोबा माझा, शालू माझ्या आयचा. आनि हे समदं जिथं ठेवते त्ये घरबी माझंच हाय. नाटकात बाई मेली, तिला घर लागत नसंल. मी जिती हाय. मला लागतं." आणि त्या उतरून आपल्या जागी जाऊन बसल्या.

कुणी टाळी वाजवली नाही. चिकाच्या पडद्याआड मात्र बांगड्या वाजल्या, ते मी ऐकलं.

आता अर्जाची वेळ. तात्यासाहेब वकील होते, ऐकीव पुरावा टिकत नाही हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून त्यांनी अर्जात ठासून लिहिलं होतं की खाली सही करणारांनी सदर ठिकाणचा उपद्रव स्वतः प्रत्यक्ष पाहिलेला आहे. साहेबांनी कागद घेतला, शांतपणे वाचला आणि विचारलं, "सह्या दिसत नाहीत. प्रत्यक्ष कुणी कुणी पाहिलंय, त्यांनी पुढे यावं. इथेच करून टाकू."

मांडवात इतकी माणसं, पण पाहिलेला एकही निघेना. खजिनदारांनी शेटजींकडे पाहिलं, शेटजींनी तात्यासाहेबांकडे, आणि तिघांनी मिळून चिकाच्या पडद्याकडे. पडद्याच्या काड्या जागोजाग बाजूला सरलेल्या होत्या आणि प्रत्येक फटीत एक डोळा होता.

अखेर ड्रॉइंगमास्तर शालूचा पदर सावरत पुढे झाले आणि म्हणाले, "मी पाहिलेलं नाही, साहेब. पण विठोबाचं या लोकांना कसं कळलं, ते विचारा."

साहेबांनी अर्जाची घडी घालून तात्यासाहेबांच्या हातात दिली. पाहिलेली माणसं सापडली की या, म्हणाले.

हे इथेच संपायचं, पण कर्जतला एक साप्ताहिक निघत असे. साप्ताहिकाचा अंक आदल्या दिवशी छापायला जात असल्यामुळे तात्यासाहेबांनी नाटकाचा वृत्तान्त नाटकाआधीच लिहून पाठवला होता. त्यात नाटकाचा परिणाम विलक्षण झाल्याचं, साहेबांनी अर्ज मंजूर केल्याचं, आणि शिळफाट्यावरच्या त्या दुर्दैवी भगिनींनी आपण होऊन धंदा सोडून वस्ती रिकामी केल्याचं छापून आलं. सामान परत करायला गेलो तेव्हा मी तो मजकूर केशरबाईंना वाचून दाखवला.

"म्हंजे आता आमी नाय हितं?"

"छापलंय तसं."

त्या वट्यावर बसून पोट धरधरून हसल्या. "झ्याक झालं. नसलेल्या बाईला उठवायला कोन येतंय?"

आणि खरंच कुणी आलं नाही. पुन्हा अर्ज करायचा तर नाट्यसमाजाला आधी स्वतःचा विजय खोटा होता असं लिहून द्यावं लागलं असतं. शेटजींनी वखार दुसरीकडे बांधली. आरसा शेटाणीबाईंनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून नेला आणि आपल्या दारासमोरच लावला. घराबाहेर पडायचं तर शेटजींना त्यात तोंड बघूनच पडावं लागे.

माझा धंदा पुढे सिनेमाने खाल्ला. मुकुट उधईने खाल्ले, दाढ्या उंदरांनी. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. सिनेमात माझ्यापेक्षा चांगले पडदे असतात, खोकलाही चांगला असतो. पण ती बाई तिथेही शेवटच्या रिळात मरतेच. पुस्तकांतही मरते. लिहिणाऱ्यांना ती जिवंत राहिली की पुढे तिचं काय करायचं, तेच कळत नाही. घर, धारा, म्हातारी आई, हे सगळं लिहीत बसावं लागेल म्हणून मारून मोकळे होतात.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी शिळफाट्याला गेलो. धंदा केशरबाईंनी कधीच सोडला, वय झालं म्हणून सोडला, पश्चात्ताप वगैरे काही नाही. दिसतं कमी. कंदिलाच्या खुंटीला आता विजेचा दिवा आहे. मी विचारलं, "केशरबाई, तुमच्यावर दिवाळी अंकात लिहू का?"

"लिव की," त्या म्हणाल्या. "पन शेवटाला मला मारू नको."

संपादकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, शेवट थोडा चटका लावणारा करता आला तर बघा. मी बघितलं. पण केशरबाई आहेत. शिळफाट्याला, त्याच घरात. परवाच मी त्यांच्याकडे चहा पिऊन आलो.